रिकाम्या होडीचा पंखा

फार पूर्वी, म्हणजे इंजिनं बोलायची आणि माणसंही मनात आणलं तर ऐकायची त्या काळी, एका खाडीकाठी एक मासेमार नवराबायको राहत होते.

तीस वर्षं दोघांनी वल्ही मारली. मग नवऱ्याचा खांदा कामातून गेला, तेव्हा त्यांनी होडीच्या मागे एक छोटं इंजिन अडकवलं. इंजिनाच्या तळाशी, पाण्यात, तीन पात्यांचा पंखा होता. इंजिन फिरे, पंखा पाणी मागे लोटी आणि होडी पुढे जाई. इंजिन साधं होतं, पण वेगाची मूठ पूर्ण पिळली की आपल्या चालीत सुरेख गाई. त्या गाण्यावर दोघांचं पोट चाले.

एक दिवस शेजाऱ्याची मोठी होडी शेजारून सुर्रकन पुढे गेली. नवऱ्याने तिचा रुंद, जास्त पीळ असलेल्या पात्यांचा पंखा पाहिला आणि त्याच्या डोक्यात तो पंखाच फिरू लागला. माणूस भला, पण एकदा मनात आलं की देवाचंही ऐकायचा नाही. आठवड्याभरात तसाच पंखा त्याने घरी आणला.

"कित्याक ह्यो? आपलो चांगलो चलता मां?" बायको म्हणाली.

"गो, डाव मोठो तर भात जास्त वाढूक येता. पंखो मोठो तर पाणी जास्त लोटता."

"डाव मोठो झालो म्हणून हाताक बळ येता काय?"

नवरा हसला. त्याने पंखा बसवला आणि भरतीच्या वेळी, अख्ख्या गावासमोर, एकटाच होडीत बसला. ना जाळं, ना बर्फ, ना बायको. मूठ पिळली आणि होडी अशी उधळली की काठावरच्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी तो दोन घास जास्तच जेवला.

दुसऱ्या दिवशी जाळं चढलं, बर्फाच्या जड लाद्या चढल्या, बायकोही बसली. होडी रडतखडत निघाली.

"धन्यानू," इंजिन म्हणालं, "माका धाप लागली. माझ्या चालीन फिरूक मेळणा नाय."

"कुरकुरू नको. काल उडत होतस मां?"

"काल होडी रिकामी होती."

नवऱ्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्या दिवशी समुद्राने हात सैल सोडला. जाळं बांगड्यांनी फुटायला आलं. सात टोपल्या भरल्या! वर्षभरात असा दिवस आला नव्हता. दोघं लहान पोरांसारखी हसली आणि घराकडे वळली.

पण खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली होती. भरतीला होडी तिच्यावरून अलगद जाते. ओहोटी लागली की तिथे लाटा फुटतात आणि वाट बंद होते. आता ओहोटी लागत होती, वारा वाढत होता आणि होडी पायी चालल्यासारखी सरकत होती. नवऱ्याने मूठ आणखी पिळली. वेग वाढला नाही, काळा धूर मात्र वाढला.

"मशीन जळला तर वल्ही कोण मारतलो?" बायको म्हणाली. तिने त्याच्या खांद्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला जास्त लागलं असतं.

नवऱ्याने मूठ सैल केली आणि पहिल्यांदा नीट विचारलं, "काय करू रे?"

"ह्यो पंखो रिकाम्या होडीचो, धन्यानू," इंजिन म्हणालं. "एक तर पंखो बदला, नायतर होडी रिकामी करा."

बदलायला दुसरा पंखा होता कुठे? नवऱ्याने डोळे मिटले आणि पहिली टोपली समुद्रात ओतली. मग दुसरी, मग तिसरी. बर्फाच्या लाद्याही गेल्या. दरेक टोपलीसरशी इंजिनाचा आवाज मोकळा होत गेला. सातवी टोपली बायकोने ओतली, कारण त्याच्याने ती उचलवेना. आणि मग होडी जवळजवळ कालच्यासारखी उधळली, लाटा फुटायच्या आत वाळू ओलांडून सुसाट काठाला आली.

काठावर कुणी टाळी वाजवली. कुणी ओरडलं, "काय गावला आज?"

"वेग गावलो," बायको म्हणाली.

नवरा खाली मान घालून होडी ओढत राहिला.

पुढे त्याने गावकऱ्यांकडून चार पंखे मागून आणले. टोपल्यांत माशांच्या जागी ओली वाळू भरली, जाळं चढवलं आणि बायकोला म्हणाला, "बस गो आधी तू."

"कित्याक? माझा वजन करतास काय?"

"तू नसलंस तर बरोबर पंखो मेळाचो नाय."

ती बसली. एका पंख्यावर इंजिन गुदमरलं. एका अगदी लहान पंख्यावर ते नुसतंच किंचाळलं आणि होडी जागची हलेना. तिसऱ्यावर, सगळं ओझं घेऊन, मूठ पूर्ण पिळलेली असताना ते आपल्या चालीत गाऊ लागलं. होडी उडाली नाही, पण गेली. नवऱ्याने तोच पंखा ठेवला. पुढल्या बांगड्यांच्या दिवशी ती दोघं भरल्या टोपल्यांनिशी घरी आली. शेजाऱ्याच्या होडीमागे पडलो म्हणून त्याला वाईट वाटलं नाही. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, कारण सगळे टोपल्या उतरवायला धावले होते.

तात्पर्य: जोडी जुळवायची तर रोजचं ओझं चढवून जुळवावी, रिकाम्या होडीत कुठलाही पंखा शोभतो.