ओल्या श्वासाची झडप

त्या अरण्यात पाऊस लांबला की धुळीने पिलांचे गळे सुजत आणि श्वास कोंडून ती मरत. मोठ्यांना काही होत नसे, त्यामुळे उपायाची घाई कोणालाच नव्हती. गेल्या उन्हाळ्यात प्रधान मोराचे पिल्लू गेले, तेव्हा कुठे हुकूम सुटला.

काम आले शिंपिणीकडे. पाने शिवून घरटे करणाऱ्या पक्ष्यांत तिच्याइतका बारीक टाका कोणाचाच नव्हता. सुतार पक्ष्याने बोरूची नळी कोरायची आणि शिंपिणीने तिच्या तोंडाशी पातळ पानाची झडप शिवायची, असे ठरले. नळी जिभेवरून सुजेच्या पलीकडे सरकवायची. श्वासाबरोबर झडप आतबाहेर हलावी, एरवी मिटून धूळ अडवावी, असा बेत होता. पहिल्या नळ्या घशात टोचल्या. पुढच्यांचे टाके उसवले. अखेर एक नळी कासवाच्या घशात बसली आणि दिवसभर सुरळीत चालली. मोर हरखून गेला. त्याने तशाच नळ्यांची रास करून घेतली आणि पिलांच्या आयांना पाणवठ्यावर यायची दवंडी पिटली.

शिंपिणीला मात्र चैन पडेना. कासव ते, सावकाश श्वास घेणारे! वाटपाच्या सकाळी तिने सर्वांत बारीक नळी स्वतःच्या घशात घातली आणि मुद्दाम पंख फडफडवून स्वतःला दम लागू दिला. थोडा वेळ ठीक गेला. मग तिच्याच श्वासाच्या वाफेने पान भिजले, नळीच्या कडेला चिकटले आणि हवा बंद झाली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सुताराने झेप घेऊन नळी ओढली म्हणून ती वाचली.

"पान बदलायला हवं," ती धापा टाकत म्हणाली. "कमळाचं. त्याच्यावर पाणी ठरत नाही."

"कमळं डोंगरापलीकडच्या तळ्यात आहेत. आज काही परत येणं व्हायचं नाही."

"मग बोलत काय बसलास? नीघ!"

सुतार उडाला. शिंपीण तडक मोराकडे गेली.

"प्रधानजी, आज नळ्या वाटू नका. झडप ओली झाली की चिकटते."

"कासवाला तर काही झालं नाही."

"कासवाला धाप लागत नाही. पिलांना लागते."

मोर हलक्या आवाजात म्हणाला, "आणि थांबलो तर? माझं पिल्लू वाट बघण्यातच गेलं, शिंपिणी."

तेवढ्यात एक हरिणी पाडसाला ढकलत, सावरत पाणवठ्यावर आली. पाडसाची जीभ निळी पडली होती.

"शिंपीणबाई, घाला ती नळी!"

"अगं, ती मध्येच अडकते."

"अडकेल तेव्हा अडकेल. आत्ता तर जीव चाललाय त्याचा!"

शिंपिणीने नळी घातली. पाडसाच्या बरगड्या हलल्या, जिभेचा निळेपणा ओसरू लागला. पण काही वेळातच पान चिकटले. शिंपिणीने चोच घालून ते सोडवले. पुन्हा चिकटले, पुन्हा सोडवले. मग तिने चोच आतच ठेवली आणि प्रत्येक श्वासाला झडप स्वतःच उघडू-मिटू लागली.

लांबून पाहणाऱ्यांना दिसत होते ते शांत श्वास घेणारे पाडस आणि त्याच्या तोंडाशी वाकलेली शिंपीण.

"बघा!" मोर पिसारा फुलवू लागला. "तुमच्या डोळ्यांदेखत पाडस वाचलं. या, एकेक नळी घेऊन जा."

शिंपिणीने सगळे ऐकले. ओरडायचे तर चोच बाहेर काढावी लागणार होती. तिने एकदा काढलीही, पण शब्द फुटायच्या आत पाडसाने पाय झाडले आणि तिने चोच परत खुपसली. एका डोळ्याने ती रास कमी होताना पाहत राहिली. तिने जिवाच्या आकांताने पंख फडफडवले, तर जमलेल्यांना वाटले, ती आनंदाने नाचते आहे. त्यांनी जयजयकार केला.

नळी कशी बसवतात ते बघायला एक खार जवळ आली. पाठीवर पिल्लू घरघरत होते. ती पाडसाकडे, नळीकडे, तिच्यात अडकून राहिलेल्या चोचीकडे टक लावून पाहत राहिली. मग मोराकडे वळून तिने भाबडेपणाने विचारले, "प्रधानजी, नळी तर मिळाली. आमच्याबरोबर चोच कोणाची येणार?"

जयजयकार थांबला. मोराचा अर्धवट फुललेला पिसारा तसाच राहिला. घरी निघालेल्या आया एकेक करून मागे वळल्या आणि मिळालेल्या नळ्या उन्हाकडे धरून पाहू लागल्या. त्या शांततेत एका चोचीवर फडफडणाऱ्या ओल्या पानाचा आवाज तेवढा येत होता.