माशांना लाडू घालणारा राजा

एक होता राजा. मनाने इतका मऊ, की कुणी उपाशी दिसलं की त्याच्याच पोटात कालवायचं. दारात कुत्रं आलं, घाल त्याला भाकरी. फांदीवर कावळा ओरडला, ठेव त्याला भात. वाईट नव्हता हं राजा. फक्त समोरच्याला काय हवंय, हे आधी विचारायची सवय नव्हती त्याला. शमे, पाय पांघरुणात घे बघू.

तर त्याच्या राजवाड्यामागे होतं एक तळं. छोटंसंच, पण पाणी कसं, तळाचे खडे वरून दिसायचे. त्यात चंदेरी खवल्या मासोळ्या होत्या, मिशाळ शिंगाळे होते, नाचरे झिंगे होते, आणि सगळ्यांत म्हातारी एक मरळ होती. राजाची लेक सगुणा रोज पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायची. मग मासे यायचे आणि तिच्या तळव्यांना गुदगुल्या करायचे.

एकदा काय झालं, उन्हाळ्याचे दिवस. ओढ्याचं तोंड गाळाने बुजलेलं, त्यामुळे तळ्यातलं पाणी उतरलेलं. राजा सकाळी तळ्यावर आला, बघतो तर काही मासे वर येऊन तोंड उघडतायत, मिटतायत. राजा कळवळला. "अरे देवा, माझ्या राज्यात मासे उपाशी?" शेजारी प्रधान होता. तो म्हणाला, "जी महाराज." त्याला तेवढंच यायचं.

मग राजाने दवंडी पिटवली, घराघरातून लाह्या आणून तळ्यात टाका. लोकांनी टाकल्या. माशांनी थोड्या खाल्ल्या, बाकीच्या भिजल्या, तळाशी गेल्या आणि कुजल्या. पाणी हिरवं झालं. मासे आणखी वर आले. राजा म्हणाला, "लाह्यांनी कुणाचं पोट भरतं होय? कणकेचे गोळे टाका!" मग गोळे पडले. पाण्याला असा वास सुटला, की बायका नाकाला पदर लावून यायच्या. पण यायच्या, बरं का! मासे तर आता रांगेने तोंड वासून उभे. मग राजाने काय केलं? साजूक तुपातले लाडू टाकायला लावले. टोपल्याच्या टोपल्या!

दुसऱ्या दिवशी काही खवल्या उलट्या होऊन तरंगत होत्या. सगुणा पायरीवर बसून रडत होती. "बाबा, माझ्या पायाशी कुणी येतच नाही हो." राजालाही रडू आलं. इतक्यात ती म्हातारी मरळ वर आली आणि तिने तोंड उघडलं. राजा लाडू घेऊन वाकला. मरळीने शेपटीचा असा फटका दिला, की राजा धपकन पाण्यात! आणि पडल्या पडल्या त्याचा झाला मासा. मिशीसकट मासा! सगुणाने पदराने डोळे पुसून वर पाहिलं, तर बाबा नाहीतच. ती धावत आईकडे गेली.

इकडे राजा पाण्यात गुदमरला. "अगं, मला श्वास घेता येईना!"

मरळ म्हणाली, "आता कळलं? पाण्यातसुद्धा हवा असते, आम्हाला ती लागते. तुझे लाडू तळाशी सडतायत आणि ती हवा संपवतायत. आम्ही वर येतो ते श्वासासाठी, आणि तू आमच्या तोंडात लाडू कोंबतोस!"

राजा खजील झाला. म्हणाला, "चुकलो. आता मला सोडव."

"जो रिकाम्या हाताने येईल, त्याच्या ओंजळीत उडी मार. पण हातात खाऊ असेल तर उपयोग नाही."

ऐकायला सोपं वाटतं, नाही? पण त्या गावात तळ्यावर रिकाम्या हाताने येणार कोण? पहिल्यांदा प्रधान आला. "महाराज सापडू देत," म्हणाला आणि वर आलेल्या राजाच्या तोंडात लाडू! मग सेनापती आला. त्याचा मोदक राजाच्या टाळक्यात बसला. मग राणी आली, हुंदके देत. राजा ओरडत होता, "अगं, मी आहे, मी!" पण माशाचं बोलणं कुणाला ऐकू येतंय? राणी म्हणाली, "भूक लागली का रे बाळा?" आणि स्वतःच्या नवऱ्याला तिने पुरणपोळी भरवली. राजाचे डोळे पांढरे व्हायला लागले.

आता उरली सगुणा. आईने तिच्या हातात एक लाडू दिला होता. "जा, तळ्यात टाकून ये." पण लाडू बेदाण्याचा. वाटेत तिने नुसता वास घेतला. मग एक बेदाणा काढला. मग एवढासा तुकडा. पायरीवर पोचते तर हातात काहीच नाही! बिचारीला इतकी लाज वाटली. समोर एक मिशीवाला मासा तोंड वासून. तिने दोन्ही हात पाण्यात धरून त्याला दाखवले. "संपला रे. मीच खाल्ला."

राजाने मारली उडी, थेट ओंजळीत! आणि पायरीवर उभा राहिला राजा, निथळत, मिशीला पुरण लागलेलं. सगुणाने त्याला घट्ट मिठी मारली. राजा पहिलं काय बोलला असेल? "आजपासून तळ्यात एक दाणाही टाकायचा नाही!" प्रधान म्हणाला, "जी महाराज." या खेपेला मात्र बरोबर म्हणाला.

मग अख्खं गाव गाळ उपसायला लागलं. सगळ्यांत पुढे घमेलं घेऊन राजा. गाळ गेला शेतात, आणि तिथे भोपळे काय धरले! ओढ्याचं तोंड मोकळं केलं, ताजं पाणी खळखळत आत आलं. हळूहळू तळं निवळलं. आधी झिंगे दिसले, मग खवल्या, आणि एके दिवशी सगुणा पायरीवरून खिदळत ओरडली, "बाबा, गुदगुल्या!"

तेव्हापासून त्या गावची रीतच पडली. जत्रेला सगळे तळ्यावर जातात, माशांना रिकामे हात दाखवतात आणि पायरीवर बसून लाडू आपणच खातात. ती मरळही वर येते, राजाकडे बघून मुद्दाम तोंड उघडते. मग राजाच्या पोटात पुन्हा कालवतं, हात हळूच लाडवाकडे जातो. पण सगुणा टपलेलीच असते. हातातला लाडू तोंडात टाकते आणि भरल्या तोंडाने म्हणते, "संपला, बाबा!"

आता तुमचे हात दाखवा बघू. रिकामे? शहाणी माझी पोरं. तळ्यातले मासे निजले, राजा निजला, तुम्हीही मिटा डोळे.