उंबराईचा उजवा हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या आंबेघोळात नदीवर पूलही नव्हता तेव्हाची. ऐका, आणि ऐकताना लाज वाटली तर वाटू द्या. आपल्याच गावानं केलंय ते.

उंबराईची पितळी मूर्ती तेव्हाही हीच. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून मानकरी भांडले. मोठे आले मानकरी! ओढाताणीत देवी पालखीतून दगडावर पडली आणि आशीर्वादाचा उजवा हात तुटून डोहात गेला. त्या दिवशी डोहाचं पाणी तांबडं झालं, असं म्हणतात. भांडणाऱ्यांची तोंडं मात्र लाजेनं लाल झाली नाहीत. उलट त्यांनीच ठरवलं, मूर्ती भंगली, आता डोहात सोडून द्यायची आणि नवी आणायची.

हौसा ओतारीण पायरीखाली उभी होती. नवऱ्यामागं भांडी ओतायचं काम तीच करायची. विधवा म्हणून तिला देवळात मज्जाव होता. ती म्हणाली, "तुमच्या आईचा हात मोडला, तर तिला डोहात ढकलाल का? हात मी करते."

मूर्ती डोहात सोडायचं राहिलं. घराघरातून फुटकी भांडी आली. हौसानं मेणाचा हात घडवला, त्यावर माती लिंपली, भाजून आतलं मेण काढून टाकलं. पण भट्टीवरचं पितळ काही केल्या वितळेना. तेव्हा तिनं कनवटीची काशाची जोडवी त्यात टाकली. नवरा गेला त्या दिवशी तिच्या पायातून ओरबाडून काढलेली होती ती. टाकल्याबरोबर पितळेचं पाणी झालं, असं म्हणतात.

हात असा उतरला की तळव्यावरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. मग काय, मानकऱ्यांनी गोड बोलून हात घेतला आणि हौसाला म्हणाले, तू बाहेरच थांब, बसवायचं आमचा गुरव बघेल. हात चालला, बाई चालली नाही! माझं अजून डोकं फिरतं.

गुरवानं हात बसवला. पडला. राळ लावून बसवला, तरी पडला. तिसऱ्यांदा तर त्याच्याच पायावर पडला, बरं झालं. कुणी म्हणतं, हात अडकवायची खीळ हौसानं स्वतःजवळ ठेवली होती. कुणी म्हणतं, देवीच हात झटकून टाकत होती. मला विचाराल तर दोन्ही खरं.

शेवटी पाटील तिच्या दारी गेले. हौसा पांढऱ्या कपाळानं गाभाऱ्यात शिरली. हात मनगटात सरकवला, खीळ ठोकली आणि म्हणाली, "दर जत्रेला ही खीळ सैल होईल. तेव्हा माझ्यासारखीलाच बोलवायचं."

आजही जत्रेच्या सकाळी खीळ सैल झालेली असते. गावातली एक विधवा हातोडी घेऊन आत जाते, ती ठोकते, आणि तोवर सगळे मानकरी पायरीखाली उभे असतात. त्याशिवाय पालखी उठत नाही.

परवा एक मानकरी म्हणाला, वेल्डिंग करून टाकू, कायमची कटकट मिटेल. म्हटलं, मिटव की बाबा, आधी ही हातोडी माझ्या हातातून घेऊन दाखव. यंदाची पाळी माझी आहे.