मागे राहिलेले हात

“...मग सगळं बिनचूक करूनही ती एकटी का बसत नाही, बाई?”

ऋत्विकचे प्रश्नही थांबेनात आणि येरझाऱ्याही. लहान मुलांचा फिजिओथेरपिस्ट म्हणून तो हुशार होता, आणि दुर्दैवाने हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

वाकणकर बाई जाड गादीच्या कडेला बसून एका चिमुकल्या बुटाचा पट्टा शिवत होत्या. इचलकरंजीतलं हे उपचार केंद्र त्यांनीच उभं केलेलं. त्यांनी मान वर केली नाही.

मग त्यानेच पुन्हा सांगितलं. अनुजा चार वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, म्हणून अंगावर ताबा नाही. त्याने कमरेला हात लावले की ताठ बसते, हात काढले की कलंडते. बालवाडी तिला घ्यायला तयार आहे, पण तिथे धरून बसायला कुणी नाही. एकटी बसली तर शाळा, नाहीतर घर.

अनुजाची आई सुवर्णा पदराचं टोक पिळत ऐकत होती. शाळा उघडायला आली होती.

“तुझ्याकडे ती किती वेळा पडली?” बाईंनी विचारलं.

“एकदाही नाही.” उत्तर छाती काढूनच आलं.

“खरंच न्हाई पडू दिलं सरांनी,” सुवर्णा म्हणाली. “लई जपत्यात.”

बाईंनी बूट खाली ठेवला. ऋत्विकला अनुजाशेजारी गादीवर मांडी घालायला लावली. तो बसला आणि बसल्या बसल्या पुढचा प्रश्न काढला. तो पुरा व्हायच्या आत बाईंनी त्याला खांद्याला धरून ढकलून दिलं.

तो कलंडला, पण हात आपोआप गादीवर टेकला आणि डोकं वाचलं.

“हा हात तुला कुणी शिकवला?”

अनुजा खदखदून हसली. सर पडलेले तिने पहिल्यांदाच पाहिले होते.

“आता हात पाठीमागे घे,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णाने घाबरतच होकार दिला.

बाईंनी अनुजाला हलकेच बाजूला लोटलं. पोर थेट गालावर गेली आणि तिने भोकाड पसरलं. ऋत्विकचे हात सुटले. बाईंनी नुसतं पाहिलं, तसे ते परत मागे गेले. सुवर्णा उठली, बसली, पुन्हा उठली.

बाईंनी अनुजाला बसवलं, डोळे पुसले, सरांसारखं पुन्हा पडायचं का म्हणून विचारलं. हुंदके देत तिने मान डोलावली.

पुन्हा गाल.

“बाई, पुरे...”

“गप्प बस.”

त्याला बाईंचा राग आला, अगदी मनापासून. पोरगी त्याच्याकडेच बघत होती आणि त्याला काहीच करता येत नव्हतं. पण ती आता रडत नव्हती. बाईंनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा मान डोलावली.

या वेळी कलंडताना तिची मिटलेली मूठ उघडली. हात बाहेर आला. पंजा गादीवर टेकला, कोपर लटपटलं...

आणि ती थांबली. तिरकी, वेडीवाकडी, पण कुणीही न धरता.

मग कोपर दुमडलं आणि ती हसत गादीवर पडली. सुवर्णाने तोंडात पदर कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच.

ऋत्विकचे हात अजून पाठीमागेच होते. इतके थरथरत होते, की एका हाताने दुसरा धरून ठेवावा लागत होता.

“बाई,” तो म्हणाला, “मग मी या हातांनी करायचं काय?”

बाईंनी बूट पुन्हा मांडीवर घेतला.

“थरथरायचं,” त्या म्हणाल्या. “पण मागेच.”