मधल्या गड्याचा खांदा

एका डोंगरी गावात एक सुतार राहत होता. गाव ओढ्याच्या अलीकडे होते की पलीकडे, हे आता नीट आठवत नाही. पण ओढा खोल होता आणि त्यावर पूल नव्हता, एवढे पक्के.

सुताराचे नाव दौलतबा. हात कसबी, पण स्वभाव धास्तीचा. एक खुंटी ठोकायची तर तीनदा मापायचा. बायको म्हणायची, "दार बसवून झालं तरी त्यालाच विचारता, बाबा रे, नीट बसलास ना?"

पुलासाठी दौलतबाने सागवानाची तुळई घडवली. बारा हात लांब, सहा मण वजनाची, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची. ती रानातून ओढ्यापर्यंत न्यायला पाटलांनी तीन हमाल लावले. पुढच्या टोकाला राणोजी, मागच्या टोकाला सटवाजी आणि मध्ये चिमा. तिघेही सारख्या उंचीचे, सारख्या ताकदीचे. वाट मात्र सारखी नव्हती. कुठे उंचवटा, कुठे खळगा.

एका खळग्यात सटवाजीने पाहिले, तर चिमाचा खांदा तुळईला लागलाच नव्हता. मध्ये चार बोटे उजेड दिसत होता. पुढे उंचवटा आला आणि चिमाचे गुडघे वाकले. तुळई धाडकन खाली आली. तीन दिवस हेच झाले.

"खळग्यात खांदा चोरतोस आणि चढावर लोळण घेतोस!" राणोजी ओरडला. "चिम्या, तुझ्यापेक्षा मधे गाढव बांधलं असतं तर बरं."

"पाठ मोडली रे माझी त्या उंचवट्यावर," चिमा म्हणाला.

"सोंगं पुरे," पाटील म्हणाले. "उद्या चावडीवर सगळ्यांदेखत सांगतो. याला कोणी कामाला बोलवायचं नाही."

चिमाचे पोट हमालीवर होते. ती गेली तर चूल बंद.

दौलतबा तिन्ही दिवस तुळईच्या मागून चालत होता. चिमाचा दोष नाही, हे त्याला दिसत होते. पण जीभ उचलेना. घरी येऊन त्याने एक काठी बोटांवर तोलली, टेकू इकडे-तिकडे सरकवले, पुन्हा पुन्हा हिशेब केला. उत्तर दर वेळी तेच आले, तरी तो पुन्हा काठी उचलायचा. आपले चुकले तर? गाव हसेल, आणि चिमा बुडेल तो बुडेलच.

दुसऱ्या दिवशी चावडीवर चिमा मान खाली घालून उभा होता. पाटलांनी तोंड उघडले, तोच दौलतबा उठला.

"पाटील, तुळई वाकत नाही, वाट वाकते. ताठ लाकूड तिघांच्या खांद्यावर ठेवलं, की कोणाच्या वाट्याला किती ओझं आलं ते वाटेवर ठरतं. खळग्यात मधला सुटतो, उंचवट्यावर सगळं त्याच्यावर येतं. यात माणसाची लबाडी नाही."

"सुतारबुवा, तुम्ही रंधा मारा. ओझ्यातलं ओझेवाल्यांना कळतं," पाटील म्हणाले.

लोक हसले. दौलतबाचे पाय कापत होते, पण तो खाली बसला नाही.

"तुळईला दोनच टेकू देऊ. मागचं टोक सटवाजीच्या खांद्यावर. पुढच्या टोकापासून तीन हात आत, तुळईखाली एक आडवा दांडा. त्याची एक बाजू राणोजीकडे, एक चिमाकडे. मग वाट कशीही असो, सटवाजीला दोन मण, दांड्याला चार. दांड्यावरचे दोघांत निम्मे निम्मे. तिघांना सारखं."

"आणि पुन्हा पडली तर?" पाटलांनी विचारले.

"तर चिमाच्या जागी माझं नाव घ्या. पुन्हा करवत हातात धरणार नाही."

दौलतबाने तीन हात मोजून खूण केली, पुसली, पुन्हा मोजले. दांड्याच्या बरोबर मधोमध तुळई दोरीने बांधली. तिघांनी ओझे उचलले. सारे गाव मागून निघाले.

खळगा आला. तुळई हलली नाही. मग तो उंचवटा आला. दौलतबाने डोळेच मिटून घेतले. तेवढ्यात राणोजीचा धापा टाकत आलेला आवाज त्याच्या कानी पडला.

"आयला! हा चढ इतका जड कधीच नव्हता!"

"तुला नव्हता," चिमा म्हणाला. "मला रोज होता."

राणोजीची मान खाली गेली. पण खांदा खाली गेला नाही. कोणाचाच गेला नाही. दौलतबाने डोळे उघडले, तेव्हा तुळई उंचवटा ओलांडून उतरत होती. दुपारपर्यंत ती ओढ्याच्या दोन्ही काठांवर टेकली. हलगी वाजू लागली. पाटलांनी डोक्यावरचे पागोटे काढून चिमाला घातले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलं माझं. चल, पुलावर पहिलं पाऊल तुझं."

दौलतबाची शंका मात्र गेली नाही. कित्येक वर्षांनी तो शहरातल्या लाकडाच्या वखारीत गेला. तिथे तशीच तुळई त्याने तशीच मांडली, आणि माणसांच्या जागी तीन वजनकाटे ठेवले. आडव्या दांड्याचे वजन वजा करता तिन्ही काट्यांवर एकच आकडा होता.

तात्पर्य: ओझे कोणी चुकवले, हे विचारण्याआधी ते कसे वाटून दिले होते, हे पाहावे, आणि खरे उमगले असेल, तर पाय कापत असले तरी उठून सांगावे.