दिवसाची पहिली खेप

"नंबर देताय का न्हाई, आबा? तेवढं सांगा."

धाकूआबांनी पाणपोईच्या कट्ट्यावर बसलेल्या भागूकडं पाहिलं. त्यांनी रांजणात ओगराळं बुडवलं, पितळी भांडं भरलं आणि भागूपुढं धरलं.

भागूनं ते घेतलं नाही. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली होती. पण मागायला आलेल्यानं आधी पाणी प्यायलं, तर तो दमलेला दिसतो. आणि दमलेल्याला नंबर कोण देणार?

निनाईच्या डोंगराला नऊशे पायऱ्या. आबांची पाणपोई साडेचारशेवर, मधल्या टप्प्यावर. डोलीवाल्यांच्या जोड्या लावायच्या, कुणाचा नंबर कितवा ते सांगायचं, हे काम आबांचं. आबा ऐंशीचे. पन्नास वर्षं त्यांनी भाविकांना डोलीतून वर नेलं, खाली आणलं. या डोंगरावर दांड्याला खांदा लावणारा प्रत्येक जण त्यांच्याच हाताखालून गेलेला. भागू आखाडेसुद्धा.

आणि भागू म्हणजे काय होता, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही.

एकदा म्हणे त्यानं एका व्यापाऱ्याला असा झपाट्यानं वर नेला, की व्यापाऱ्यानं पायथ्याशी धरलेली आरती देवळात पोचली तेव्हा पहिल्याच कडव्यात होती. दुसऱ्या एका शेठजीचं वजन असं, की दांड्याचा बांबू त्या दिवशी वाकला तो वाकलाच. पुढं कुणीही समोर आलं की तो बांबू आपला नमस्कार करायचा. सांगणारे खोटं बोलत असतील, तर पाप त्यांना.

फ्रीजची गोष्ट मात्र खरी आहे. वाडीत वीज यायच्या दोन वर्षं आधी भागूनं फ्रीज आणला. का, तर तालुक्याच्या दुकानदारानं "तुम्हाला काय कमी, भागूशेठ?" असं म्हटलं म्हणून. दोन वर्षं त्यात कोंबडी अंडी घालायची. वीज आली, तेव्हा कोंबडीनं जागा सोडायला साफ नकार दिला, आणि भागूनं तिच्या बाजूनं निकाल दिला.

जत्रेत मिळालेलं जत्रेतच उडालं पाहिजे, हा त्याचा बाणा. बोकड पडला की सगळी वाडी जेवायची. वाडी कमी पडली तर शेजारची वाडी बोलवायची. भागूशेठ, भागूशेठ... एवढं ऐकायला मिळालं की त्याचा हात खिशात गेलाच.

आता तो एकसष्टचा होता. पायरी चढताना गुडघे असे वाजायचे, की पुढच्याला वाटावं मागून कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडत येतंय. डोली सुटून दहा वर्षं झाली होती. आणि त्याची बायको सगुणा, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पायथ्याच्या हॉटेलात ताटं घासत होती.

"जत्रा आठ दिसांवर आली," भागू म्हणाला. "येक जत्रा वढली तर वरीस निघंल. सगुणाला घरी बसवायचीय मला. तिचे हात बघवत न्हाईत, आबा. त्या सोड्याच्या पाण्यानं पार..."



आबांनी भरलेलं भांडं खाली ठेवलं.

"हुबा ऱ्हा."

"आँ?"

"कट्ट्यावरनं ऊठ आन् हुबा ऱ्हा."

भागू उठायला गेला. अर्ध्यात अडकला. खाली बसला. पुन्हा गेला. हात टेकून, दात खाऊन, शेवटी पाणपोईचा खांब धरून तो उभा राहिला, आणि जणू खांबाची चौकशी करायलाच उठला होता असा त्याच्याकडं बघत राहिला.

पलीकडं झाडाखाली बिरू बसला होता. तीस वर्षं भागूचा जोडीदार राहिलेला. भागू दांड्याच्या पुढच्या टोकाला, बिरू मागच्या. तो आबांची भाकरी घेऊन वर आला होता. त्यानं मान दुसरीकडं वळवली.

"बिरू," आबा म्हणाले, "डोली काढ."

"मी उचलून दावतो," भागू घाईनं म्हणाला.

"तुला बसायचंय तिच्यात."

"मी? डोलीत?"

"मग चालत उतरतोस?"

भागूनं खाली पाहिलं. साडेचारशे पायऱ्या. आयुष्यात त्यानं त्या कधी मोजल्या नव्हत्या. आज एकेक वेगळी दिसली.

"पुढं कोण?" त्यानं विचारलं.

"मी."

"आबा... ऐंशी झाली तुमची."

"दांड्याला सांगू नगंस."

डोंगर उतरताना सगळा भार पुढच्यावर येतो. ते भागूइतकं कुणाला ठाऊक? त्यानं हात जोडले, शपथा घातल्या. पण बिरूनं त्याला काखेत धरून खुर्चीत बसवलं, आबांनी दांडा खांद्यावर घेतला, आणि भागू आखाडे जन्मात पहिल्यांदा जमिनीवरून उचलला गेला.

"वजन वाढलंय की रं," मागून बिरू म्हणाला. "फ्रीज पोटात ठिवलास का काय?"

भागू हसला नाही.

समोर आबांची पाठ होती. मानेखाली, दांड्याच्या घर्षणानं वाढलेला गठ्ठा. लिंबाएवढा, काळा, चकचकीत. भागू कायम पुढं. पुढच्याची पाठ कशी दिसते, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. बिरूनं तीस वर्षं पाहिलं असेल.

चाळीस पायऱ्या झाल्या, आबांनी डोली टेकवली. उभे राहिले. निघाले. पुन्हा चाळीस, पुन्हा टेकवली. वाटेत दोन म्हाताऱ्या त्यांना मागं टाकून गेल्या. मग एक गाय गेली. गाईनं वळून पाहिलं, असं बिरू अजून सांगतो.

"दमला का, आबा?"

"न्हाई."

"मग टेकता कशाला?"

"दमायच्या आत टेकतोय."

भागूला राहवेना. "असं टेकत गेलं तर दिसाला दोनच खेपा व्हतील."

"दोनच केल्या."

"मी सा करायचो. जत्रेत आठ."

"आन् किती वर्सं केल्यास?"

"तीस."

"मी पन्नास."

भागूनं बोटांवर हिशोब करायला घेतला. मग आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं आणि बोटं मिटून घेतली.

डोली पुन्हा उचलली गेली. एका हातातली काठी टेकवत आबा उतरत राहिले. मग भागूनं मान न वळवता मागं विचारलं, "बिरू, खरं सांग. भाडं आपण निम्मं निम्मं वाटून घेतलं. एक पैसा तुला जास्त न्हाई, मला कमी न्हाई."

"न्हाई."

"मग तुझं घर पत्र्याचं हुतं ते कौलाचं कसं झालं? दावणीला दोन म्हशी कशा आल्या? आन् तू आज भाकरी पोचवायला वर येतोस, मजेत. मी नंबर मागायला येतो."

"पयली खेप," बिरू म्हणाला.

एवढंच म्हणाला. पण भागूला चाळीस वर्षांमागची सकाळ आठवली.

दोघं पोरं होती तेव्हा, खांद्याला पहिल्यांदा दांडा लागला त्या दिवशी, आबांनी दोघांना सांगितलं होतं: दिवसाची पहिली खेप म्हाताऱ्याची. तिचं भाडं आपलं नाही. ते बाजूला ठेवायचं.

कुठला म्हातारा, असं भागूनं विचारलं होतं.

येईल तो, असं आबा म्हणाले होते.

भागूनं खरंच ठेवलं. चार दिवस पहिल्या खेपेचे पैसे त्यानं गोळ्यांच्या डब्यात टाकले. पायथ्याशी कुणी म्हातारा दिसला की हा त्याच्याकडं निरखून बघायचा. एकानं तर हा पोरगा डोळा ठेवून आहे म्हणून आपली पिशवी घट्ट धरली. चार दिवसांत कुणी मागायला आलं नाही. पाचव्या दिवशी भागूनं त्या पैशांचं कोंबडं आणलं, आणि वाडीभर सांगितलं, आबांचा म्हातारा काही आला नाही, आपणच त्याच्या नावानं जेवू.

वाडी पोट धरून हसली होती. भागूशेठ हे नाव बहुधा त्याच दिवशी पडलं.

"सगुणा म्हणाली हुती," भागू हळूच बोलला. "म्हणाली, डबा माझ्याकडं द्या, मी ठिवते. मी म्हणलं, तुला काय कळतंय डोंगरातलं..."

त्यानं समोरच्या पाठीकडं पाहिलं.

"आबा."

"बोल."

"तो म्हातारा... आला का वो कधी?"

आबांनी डोली टेकवली. चाळीस पायऱ्या झाल्या नव्हत्या, पण टेकवली. धोतराच्या सोग्यानं मान पुसली.

"आज सकाळी आला," ते म्हणाले. "नंबर मागत हुता."

त्यांनी दांडा पुन्हा खांद्यावर घेतला. भागूनं दोन्ही हातांनी खुर्चीच्या दोऱ्या धरल्या होत्या. आबांच्या मानेवरचा गठ्ठा त्याला पुसट दिसायला लागला. एकदा तो म्हणाला, "टेका, मी रांगत उतरतो." ते कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि चालत राहिले.

पायथ्याशी जत्रेची दुकानं लागत होती. नारळवाले, फुलवाले, जीपवाले. हॉटेलाच्या मागं नळाशी सगुणा बसली होती, पुढ्यात ताटांचा ढीग. आबांनी डोली बरोबर तिथंच, हॉटेलाच्या तोंडाशी उतरवली. बिरूनं हात दिला. भागू उभा राहिला.

एका जीपवाल्यानं त्याला ओळखलं. जुना माणूस, कोंबड्याच्या जेवणातला.

"काय भागूशेठ! आज चक्क डोलीत?"

दुकानातल्या माना वळल्या. दोन नारळवाले उठून आले.

भागूची पाठ आपसूक ताठ झाली. गुडघे वाजले, पण त्यानं ते ऐकलं नाही. "मग?" तो म्हणाला. "जल्मभर दुसऱ्यांना बसवलं. येकदा आपणबी बसून बघावं म्हटलं."

लोक हसले. चांगलं हसले, पूर्वीसारखं.

आबांनी हात पुढं केला.

"भाडं."

भागू गोंधळला. "आबा..."

"मधल्या टप्प्यापासनं खाली. दोनशे."

सगळे बघत होते. भागूच्या खिशात एकच नोट होती, पाचशेची. सगुणाच्या आठवड्याच्या मजुरीची. येताना पीठ, तेल आणि तिच्या हातांना लावायचं मलम आणा, म्हणून तिनं सकाळी दिलेली.

त्यानं ती काढली. दोन बोटांत धरली, जशी तो नेहमी धरायचा, आणि आबांच्या तळहातावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या उरलेले," तो म्हणाला.

"वा, शेठ," जीपवाला म्हणाला.

नळाखाली सगुणाचे हात थांबले.

आबांनी नोट उजेडात धरून पाहिली. घडी घातली. कमरेच्या चंचीत ठेवली आणि चंचीची दोरी आवळली. मग डोक्याचा पटका सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. एक वेढा. दुसरा वेढा. ऐंशी वर्षांच्या माणसालासुद्धा पटका बांधायला एवढा वेळ लागत नाही.

भागूनं तोंड उघडलं. जीपवाल्याकडं पाहिलं. नारळवाल्यांकडं पाहिलं. तोंड मिटलं.

"उरलेले माग की रं," बिरू त्याच्या कानाशी पुटपुटला.

भागूनं न ऐकल्यासारखं केलं.

सगुणा त्याच्याकडंच बघत होती. रागानं नाही. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त पाहिलं, मग पुढचं ताट ओढलं आणि घासायला लागली.

पटका बांधून झाला. बिरूनं रिकामी डोली खांद्याला अडकवली. आबा पहिल्या पायरीपाशी पोचले, तेव्हा कुठं भागूला आवाज सापडला.

"आबा... त्या नंबराचं काय?"

आबा थांबले. वळले नाहीत.

"वर हाय मी. उरलेले मागायला ये, तवा बोलू..." त्यांनी काठी वरच्या पायरीवर टेकवली. "पर जरा लवकर ये, भागू. ऐंशी झाली माझी."