कोल्ह्याने बुजवलेला खड्डा

एका जंगलात, ओढ्यापासून लांब माळावर, बाजाराची एक दगडी इमारत उभी होती. चौदा दुकानं होती तिच्यात, आणि तिचा कारभार एक कोल्हा पाहत असे. कारभार कसला, नुसतं मिरवणं! उन्हाळ्यात दुकानदार कोसभरावरून घागरी वाहायचे आणि हा सावलीत बसून मिशा साफ करायचा. शेवटी छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी करायची ठरली आणि सगळ्यांनी मिळून साळूला बोलावलं. साळू म्हणजे ती अंगभर काटेवाली, खणण्यात जिचा हात कुणी धरू शकत नाही ती.

साळू छपरावर चढली आणि नाक मुरडून खाली उतरली. म्हणाली, "वर कबुतरांची शीट आहे, कुजका पाला आहे. पाऊस आभाळातून पडतो खरा, पण तुमच्या टाकीत तो या छपरावरून येणार. म्हणून टाकीच्या आधी खड्डा हवा. तळाला गोटे, त्यावर खडी, त्यावर कोळसा, सगळ्यात वर वाळू. घाण वरच अडकते, खालून नितळ पाणी टाकीत जातं. वाळू मात्र दर वर्षी धुवायची, आळस चालायचा नाही." तिने स्वतः टाकी बांधली, खड्डा खणला, नळ जोडले, गोट्यांचे नि वाळूचे ढीग इमारतीमागे रचून ठेवले. तेवढ्यात निरोप आला की पलीकडच्या डोंगरावर तिच्या बहिणीचं बीळ खचलंय. "थर भरायचे तेवढे राहिलेत हो," ती म्हणाली. "तू जा गं साळूबाई, निर्धास्त जा," कोल्हा म्हणाला. "थर मी भरून घेतो."

भरतोय कसला! तिची पाठ फिरली आणि त्याने खड्डा न्याहाळला. "ऐन दाराशी एवढी मोक्याची जागा, ती दगडवाळूत घालू? आणि फरशीखाली काय आहे ते बघायला कोण येतंय?" त्याने खड्ड्यात राडारोडा लोटला, वर गुळगुळीत फरशी बसवली आणि तिथे आपल्या मेहुण्याला शेंगांचं दुकान थाटून दिलं. छपराचा नळ थेट टाकीत सोडला. टाकीवर पाटी लावली, 'शुद्ध पाणी', आणि मेहुण्याकडून स्वतःच्या गळ्यात झेंडूचा हार घालून घेतला. बाळांनो, चौदाही दुकानदारांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, बरं का! एकाने तोंड उघडलं नाही. "आपल्याला काय, पाणी दाराशी आलं ना!" मध विकणारं अस्वल म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. जळल्या मेल्या त्या माना!

पाऊस पडला, टाकी भरली. इमारतीच्या पायरीखाली एक रानकोंबडी राहायची, तिची पाच पिल्लं तेच पाणी पीत. आठ दिवसांत पाचांचीही पोटं बिघडली. चार कशीबशी तगली. सगळ्यात धाकटं आईच्या पंखाखाली शिरलं ते उठलंच नाही.

साळू परत आली तशी कोंबडी तिच्या अंगावर धावून गेली. "तुझ्या टाकीने माझं पिल्लू खाल्लं गं, काटेरी!" कोल्ह्याला तेवढंच हवं होतं. "बघा, खड्डा हिनेच खणला. मी बिचारा कारभारी, मी काय पाण्याच्या पोटात शिरून बघू?"

साळू तशीच वळली. इमारतीला एक फेरी घालून आली. मागे तिचे वाळूचे ढीग जसेच्या तसे पडले होते, त्यांच्यावर गवत उगवलं होतं. तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. "मेहुण्याचं दुकान उचल," ती म्हणाली. "अगं, फरशी नवी आहे!" कोल्हा ओरडला. तिने नखांनी ती नवी फरशी उलटली आणि खणत सुटली. फुटकी कौलं निघाली, खापऱ्या निघाल्या, चिंध्या निघाल्या. मूठभर वाळू निघाली नाही.

मग तिने टाकीतलं वाटीभर पाणी काढलं आणि कोल्ह्यापुढे ठेवलं. "पी."

"मला... मला आज उपास आहे."

"निर्जळी?"

"हो, निर्जळी."

कुणी हसलं नाही. कोल्हा घाईघाईने कोंबडीकडे वळला. "झालं गेलं सोड गं ताई. पोतंभर दाणे पाठवतो तुझ्याकडे."

"खाणारं गेलं की रे माझं," कोंबडी म्हणाली. मग ती दुकानदारांकडे वळली. "आणि तुम्ही रे? चौदा जण! फरशी बसत होती तेव्हा तुमच्या जिभा कुणी गहाण घेतल्या होत्या?" अस्वल मधाच्या बुधल्यात बघत राहिलं. वर कुणाचीच मान होईना.

त्याच दिवशी कोल्ह्याचा कारभार काढून घेतला. चौदाही दुकानदारांनी टाकीत उतरून ती घासली. गोटे आणि वाळू मात्र कोल्ह्याने स्वतःच्या पाठीवर वाहिली, साळू सांगेल त्या थराने. पिल्लू काही परत आलं नाही. पण त्या जंगलात तेव्हापासून एक रीत पडली. टाकी भरली की पहिली वाटी कारभाऱ्याने प्यायची, सगळ्यांसमोर, आणि मगच पिल्लांना पाण्यावर सोडायचं. उपास असला तर कारभार दुसऱ्याकडे.

तात्पर्य : डोळ्याआडच्या कामात खोट करणारा जेवढा दोषी, तेवढाच ती खोट बघून गप्प बसणारा.